मुकुटाची पावती

या अंकासाठी संपादकांनी ‘स्पर्धा’ हा विषय दिला. परीक्षा, क्रिकेट, निवडणुका हे राजमार्ग सोडून उपनगरांतल्या रविवार संध्याकाळच्या एका गर्दीकडे वळायचं ठरवलं. घाटकोपर, मालाड, अंधेरी, कुठल्याही मॉलमध्ये जा. तळमजल्यावरच्या मोकळ्या चौकात लाल गालिचा अंथरलेला आणि मागे प्रायोजकांच्या नावांचा फ्लेक्स दिसला, की समजावं, लहान मुलांचा फॅशन शो आहे. चार ते बारा वयाची मुलं, छातीवर नंबराचा स्टिकर. मुलींचे केस मशीनवर कुरळे केलेले, अंगात जमिनीवर लोळणारा गाऊन. मुलांना बो आणि सस्पेंडर. रॅम्पच्या टोकाला परीक्षकांचं टेबल आणि टेबलामागे उकिडव्या बसलेल्या आया. त्यांची नजर मुलावर खिळलेली असते. आई कमरेवर हात ठेवते, मान वळवते, हवेत पापी सोडते. वर पाच वर्षांची पोर अर्ध्या सेकंदानं तेच करते. ‘हस’ हा हुकूम तोंडानं दिला जात नाही. ओठांच्या दोन कोपऱ्यांना दोन बोटं लावून दाखवली, की पोरीचे दात दिसतात.

असल्या दृश्यावर आपली ठरलेली प्रतिक्रिया दोनच वाक्यांची असते: ‘काय हे थेर’ आणि ‘अमेरिकेची नक्कल’. पहिल्यात सगळा रोख लिपस्टिकवर असतो, दुसरं अर्धवट खरं आहे. या लेखाचं म्हणणं वेगळं आहे. अशा स्पर्धेत मूल काय घालतं, कसं नाचतं, यापेक्षा पैसा कुणाच्या खिशातून निघतो आणि कुणाच्या खिशात जातो, हे पाहिलं तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

ग्रँड सुप्रीमचं गणित

टेबलामागे बसून नक्कल करून दाखवणारी आई अमेरिकेत कधीच घरोघर पोचली होती. टीएलसी वाहिनीवर २००९ साली ‘टॉडलर्स अँड टियाराज’ ही मालिका सुरू झाली आणि हॉटेलांच्या बॉलरूममध्ये भरणाऱ्या बालसौंदर्य स्पर्धा साऱ्या जगानं पाहिल्या. त्या जगात दोन पंथ आहेत. ‘नॅचरल’ स्पर्धेत रंगरंगोटी बेताची असते. ‘ग्लिट्झ’मध्ये कशालाच मर्यादा नाही. अंगावर तांबूस रंगाचा फवारा, नकली पापण्या, गंगावन, खड्यांनी मढवलेला झगा. सहा-सात वर्षांच्या मुलीचे पुढचे दात पडलेले असणारच, म्हणून त्या फटीवर बसवायची दातांची कवळी, तिला ‘फ्लिपर’ म्हणतात. निसर्गानं त्या वयाला दिलेली एकमेव ठळक खूण पुसून टाकण्यासाठी दंतवैद्याचं बिल भरायचं, यातच त्या पंथाचं तत्त्वज्ञान आलं.

हसू येतं, राग येतो, पण नीट पाहण्यासारखी आहे ती बक्षिसांची उतरंड. प्रत्येक वयोगटाला राणी असते. राण्यांच्या वर ‘सुप्रीम’, त्याच्या वर ‘ग्रँड सुप्रीम’, त्याच्याही वर ‘अल्टिमेट ग्रँड सुप्रीम’. शिवाय सर्वोत्तम केस, सर्वोत्तम डोळे, सर्वोत्तम पोशाख असे किरकोळ किताब. उपरा माणूस याला अमेरिकी अतिशयोक्ती म्हणेल. खरं तर हा चोख हिशेब आहे. प्रवेश फी आईबापांनी भरलेली आहे, पोशाखाचा, हॉटेलचा, प्रशिक्षकाचा खर्च त्यांचाच आहे. असं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं तर पुढच्या महिन्यात येणार नाही. म्हणून मुकुट जितके जास्त, तितका धंदा टिकाऊ. ती स्पर्धा मुलींमधली सर्वांत सुंदर कोण हे शोधायला भरतच नाही. भरलेल्या पैशांची पावती म्हणून मुकुट दिला जातो.

आता आपल्या मॉलमधला समारोप पाहा. ‘बेस्ट स्माइल’, ‘बेस्ट वॉक’, ‘मोस्ट स्टायलिश’, ‘बेस्ट कॉन्फिडन्स’. वीस मुलं असली तर वीस पट्टे. फी काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत. त्यावर ग्रूमिंगचं सत्र, त्यावर फोटोंचा पोर्टफोलिओ, आणि ‘तुमचं मूल पुढच्या फेरीसाठी निवडलं गेलं आहे’ असा फोन. पुढची फेरी राज्याची, तिच्यापुढची देशाची, ती दुसऱ्या शहरातल्या हॉटेलात, राहण्या-जेवण्याचं पॅकेज वेगळं. प्रत्येक पायरीवर निवड झाल्याचा आनंद मुलाच्या घरी जातो आणि पैसे आयोजकाकडे. मोबाइलवरच्या ‘क्यूट बेबी’ फोटो स्पर्धांनी तर रॅम्पचा खर्चही वाचवला आहे. ‘आमच्या बाळाला व्होट करा’ ही लिंक मामा, आत्या, सोसायटीचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप अशी फिरते आणि आयोजकाचा प्रचार अख्खं गोत फुकटात करतं.

सुदृढ बालकाचं कुळ

मुलांचं प्रदर्शन मांडायची कल्पना अमेरिकेहून आली असेल, पण ती केबल टीव्हीबरोबर आलेली नाही. सर्कशीसाठी प्रसिद्ध असलेल्या पी. टी. बार्नमनं १८५५ साली न्यूयॉर्कमध्ये बाळांचं प्रदर्शन भरवलं आणि बाळं बघायला माणसं तिकीट काढतात हे सिद्ध केलं. १९११ साली आयोवा राज्याच्या जत्रेत ‘बेटर बेबीज’ स्पर्धा झाली. तिथं बाळांचं वजन, उंची, डोक्याचा घेर मोजून गुण देत. हेतू बालमृत्यू कमी करण्याचा होता, पण तिच्या आसपास लवकरच वंशशुद्धीचा विचार घोटाळू लागला, आणि कोणतं बाळ ‘चांगल्या बीजाचं’ हे ठरवण्याची हौस वैज्ञानिक भाषेत भागवली जाऊ लागली.

हिंदुस्थानात १९२०च्या दशकात व्हाइसरॉयच्या पत्नीच्या पुढाकारानं शहराशहरांत ‘बेबी वीक’ साजरे झाले. आपल्या ‘सुदृढ बालक स्पर्धे’चं मूळ त्याच काळात आहे. पुढे अंगणवाड्या, महिला मंडळं, रोटरी-लायन्स, गणेशोत्सव मंडळं अशा सगळ्यांनी ती उचलली. तीत गुटगुटीत बाळाला बक्षीस मिळे आणि गुटगुटीत याचा अर्थ बहुधा गोरं-गुटगुटीत असाच घेतला जाई. यातून सावरायला वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये वाढीची प्रमाणं प्रसिद्ध केली. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०२२ मध्ये स्वस्थ बालक स्पर्धा घेतली तेव्हा निकष उंची-वजनाचा होता. बाळ योग्य वजनाचं आहे की नाही हे काटा सांगतो, परीक्षकाला ते गोड वाटलं की नाही हा प्रश्न उरत नाही.

एक कायदा इथं आठवतो, कारण तो दुर्मीळ शहाणपणाचा आहे. १९९२च्या बालदुग्धपर्याय कायद्यानं बाळाच्या दुधाच्या डब्यावर बाळाचा किंवा बाईचा फोटो छापायला मनाई केली. गुबगुबीत चेहरा दाखवला की आई अंगावरचं दूध सोडून डब्याकडे वळते, हे कायदा करणाऱ्यांना कळलं होतं. मुलाचा चेहरा हे विक्रीचं सर्वांत स्वस्त आणि हमखास साधन आहे, आणि म्हणून त्याला वेसण हवी, असं आपल्या कायद्यानं निदान एका डब्यापुरतं तरी मान्य केलं आहे.

आरामनगरची भिंत

उपनगरांतल्या या साऱ्या उलाढालीचं केंद्र मॉलमध्ये नाही, वर्सोव्याला आरामनगरात आहे. अंधेरी पश्चिमेच्या या बैठ्या बंगल्यांच्या वसाहतीत कास्टिंगची कार्यालयं दाटीवाटीनं बसली आहेत. गोरेगावची चित्रनगरी, मढचे बंगले, अंधेरीचे स्टुडिओ, सगळ्यांना लागणारे चेहरे इथल्या साध्या भिंतीपुढे उभे राहून जातात. मुलांच्या ऑडिशनचा निरोप आईच्या व्हॉट्सॲपवर येतो: मुलगी हवी, वय चार ते सहा, अमुक तारखेला शूट, लोकेशन मढ. जाहिरात बिस्किटाची असो की विम्याची, ‘क्यूट’ हा शब्द ठरलेला. दात पडलेलं मूल एरवी चालत नाही आणि टूथपेस्टवाल्याला कधी नेमकं तेच हवं असतं.

मूल भिंतीपुढे उभं राहतं. नाव, वय, उंची, शाळा. मग डावी बाजू, उजवी बाजू, हात पुढून, हात मागून. मग दोन ओळींचा संवाद. सगळं दोन मिनिटांत आटोपतं आणि त्यासाठी विरार किंवा बदलापूरहून निघालेल्या माउलीनं लोकल, रिक्षा आणि शाळेची एक दांडी खर्ची घातलेली असते. निवड झाली तर कोऑर्डिनेटरचा वाटा जातो आणि पैसे हातात पडायला तीन महिने लागतात, हा या धंद्याचा सर्वमान्य रिवाज.

हे ऐकायला मॉलमधल्या रॅम्पपेक्षा कितीतरी निष्ठुर वाटतं. तरीही इथल्या मुलाच्या पाठीशी कायदा आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावणं बंद झालं, पण कलाकार म्हणून काम करायची सवलत राहिली. तिला २०१७च्या नियमांनी कुंपण घातलं. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, सलग २७ दिवसांहून अधिक नाही. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत ठेवायचे. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या इच्छेविरुद्ध काहीही करून घ्यायचं नाही. आणि ज्या जिल्ह्यात काम होणार तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी काढायची. अंधेरी-गोरेगाव-मढचं चित्रीकरण असेल तर हा कागद बांद्रा पूर्वेच्या उपनगर जिल्हाधिकारी कचेरीतून निघायला हवा.

या कुंपणाचा पूर्वज हॉलिवूडमध्ये आहे. जॅकी कूगन या बालनटाची लाखोंची कमाई घरच्यांनी उडवली, त्यावरून १९३९ साली कॅलिफोर्नियात कायदा झाला आणि मुलाच्या कमाईतला वाटा राखून ठेवणं आलं. आपले २० टक्के त्याच वाटेनं आले आहेत. मराठी माणसाला अभिमान वाटावा असं एक उदाहरण तर अंधेरीतच आहे. अमोल गुप्ते यांनी ‘स्टॅनले का डब्बा’ हा २०११चा चित्रपट चकाल्याच्या होली फॅमिली शाळेत, मुलांच्या शनिवारच्या कार्यशाळेतून, थोडे थोडे तास चित्रित केला. शाळा बुडाली नाही, रात्रपाळी झाली नाही. बजेटचं कारण सांगणाऱ्या निर्मात्यांसमोर हे उदाहरण ठेवावं.

वीस टक्के कशाचे?

आता रॅम्पवरच्या मुलाकडे परत येऊ. त्याला कुणी पैसे देत नाही. त्याच्यासाठी पैसे भरले जातात. त्यामुळे मुदत ठेवीचा नियम त्याच्यापाशी येऊन थिजतो. शून्याचे २० टक्के शून्य. तासांचं म्हणाल तर सकाळी दहाला रिपोर्टिंग, दुपारी मेकअप, संध्याकाळी शो, रात्री नऊला बक्षिसं, हा दिवस काम म्हणून मोजला असता तर पाच तासांत कधीच बसला नसता. हौस म्हणून तो कुणी मोजत नाही.

गंमत अशी, की कायद्याची आणि नियमांची भाषा तितकी अपुरी नाही. कायद्यातल्या कलाकाराच्या व्याख्येत छंद म्हणून काम करणारं मूलही आहे आणि नियमांतल्या परवानगीच्या कलमात चित्रपट-मालिकांबरोबर ‘कमर्शियल इव्हेंट’चाही उल्लेख आहे. प्रायोजकांच्या फ्लेक्ससमोर, फी घेऊन, गर्दी खेचण्यासाठी केलेला कार्यक्रम कमर्शियल नसेल तर मग कोणता असेल? अडचण आहे ती नियम लिहिताना डोळ्यांसमोर जे चित्र होतं त्याची. त्या चित्रात पैसे देणारा निर्माता एका बाजूला आणि पालक मुलाच्या बाजूला आहेत. जिथं पालकच गिऱ्हाईक, तिथं मुलाच्या बाजूला कोण उभं, हा प्रश्न त्या चित्रात नव्हता. राष्ट्रीय बाल हक्क आयोगानं मालिका आणि रिॲलिटी शोंसाठी आणि पुढे २०२३ मध्ये ओटीटी आणि समाजमाध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तीही मुख्यतः कॅमेऱ्याच्या दिशेनं पाहतात.

सरकारचं आणि समाजाचं लक्ष वेशभूषेकडे किती पटकन जातं पाहा. माहिती व प्रसारण मंत्रालयानं जून २०१९ मध्ये वाहिन्यांना सूचना केली, ती मुलांनी मोठ्यांच्या सिनेमातले अंगविक्षेप करू नयेत अशी. फ्रान्सच्या सिनेटनं २०१३ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलींच्या सौंदर्य स्पर्धांवर बंदीच्या बाजूनं मत दिलं, तिथंही चर्चा मुलींना अकाली बाई बनवण्याची होती. चर्चा चुकीची नव्हे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २००७च्या अहवालानं त्या धोक्याची नीट मांडणी केली आहे. पण नुसत्या अश्लीलतेवर बोट ठेवलं, की आयोजक गाऊन काढून नऊवारी नेसवतो, गाणं बदलून गणेशवंदना लावतो आणि हिशेबाची वही आहे तशीच राहते.

‘डेअरिंग येतं हो’

आक्षेप खूप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला, मुलांचं नुकसान होतं याला पुरावा काय? प्रामाणिक उत्तर असं, की भक्कम पुरावा थोडा आहे. २००५ साली अमेरिकेत बालपणी स्पर्धांत उतरलेल्या ११ स्त्रियांची न उतरलेल्या ११ जणींशी तुलना झाली. पहिल्या गटात स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी अधिक दिसली, नैराश्यात मात्र फरक दिसला नाही. बावीस जणींवरून निष्कर्षाचा डोलारा उभा करू नये. जॉनबेने रॅम्झी या सहा वर्षांच्या बालसुंदरीची डिसेंबर १९९६ मधली हत्याही पुरावा म्हणून देऊ नये. तिचा स्पर्धांशी संबंध कधीच सिद्ध झाला नाही. सिद्ध झालं ते इतकंच, की मेलेल्या मुलीच्या मेकअपच्या चित्रफिती वर्षानुवर्षं दाखवून वाहिन्याही कमावू शकतात. म्हणूनच इथला मुद्दा मानसशास्त्राच्या पायावर मांडलेला नाही.

दुसरा आक्षेप वर्गाचा. हे नाकं मुरडणं पार्ल्याच्या सुशिक्षितांना परवडतं. ज्यांच्याकडे ओळखी नाहीत, इंग्रजी नाही, त्यांच्यासाठी चेहरा हीच शिडी. कांदिवलीच्या ठाकूर महाविद्यालयात शिकलेली मान्या सिंह ही रिक्षाचालकाची मुलगी २०२०च्या मिस इंडिया स्पर्धेत उपविजेती झाली आणि महाविद्यालयातल्या सत्काराला वडिलांच्या रिक्षातून आली, हे उपनगरानं डोळे भरून पाहिलं आहे. अमेरिकेतही बालस्पर्धांचा आधार असलेला वर्ग बराचसा असाच आहे, आणि त्यांची टिंगल करणारे टीव्हीसमोर सोफ्यावर बसलेले. आक्षेप मान्य. पण मान्या सिंह सज्ञान होती, निर्णय तिचा होता. आणि शिडीच म्हणायची तर गरीब आईबापांकडून प्रत्येक पायरीचे पैसे घेणाऱ्या शिडीची चौकशी तर जास्तच व्हायला हवी.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड: फी तर पोहण्यालाही भरतो, अबॅकसला भरतो, मुलुंडच्या कालिदासला किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात डान्स क्लासचं गॅदरिंग होतं तेव्हा पोशाखाचे वेगळे आणि तिकिटांचे वेगळे मोजतो. मग रॅम्पनंच काय घोडं मारलं? डान्स क्लासवाले याच कुळातले आहेत, हे आधी कबूल करावं. फरक हरण्यात आहे. २००९ साली ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ संपलं तेव्हा कार्तिकी गायकवाड जिंकली. पण आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत ही चौघं जिंकली नाहीत म्हणून त्यांचं गाणं कुणी काढून घेतलं नाही. आज ती गातात. त्या कार्यक्रमावरही ताणाची टीका झाली, ती रास्त होती, पण हरलेल्या मुलाकडे दुसऱ्या दिवशी रियाजाला बसायला काहीतरी होतं. जिथं चेहऱ्याला, हसण्याला, ‘कॉन्फिडन्स’ला गुण आहेत, तिथं मागे पडलेल्या पोरीनं घरी जाऊन कशाचा सराव करायचा? तिला निराळी पोर व्हायचा सराव करावा लागतो, आणि त्यासाठी ग्रूमिंगचा पुढचा वर्ग तयारच असतो.

राहता राहिलं डेअरिंग. ते येतं, यात शंका नाही. पण ते गणपतीतल्या वेशभूषा स्पर्धेतही येतं. तिथं कोळीण, वासुदेव, सावित्रीबाई, पुठ्ठ्याचा मोबाइल होऊन आलेला बंड्या, गमचा वास येणारी मिशी खाजवत ओळ विसरणारे टिळक, सगळे असतात. पंख्याखाली बसलेले परीक्षक ‘पोशाख’ आणि ‘सादरीकरण’ असे गुण मांडतात. इथंही आई खालून हातवारे करते, इथंही चौथीतल्या झाशीच्या राणीला रडू फुटतं. हे पवित्र आहे असं मुळीच नाही. पण खर्च वर्गणीतून निघतो, नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, स्टेजवर जायला नकार देणाऱ्यालाही उत्तेजनार्थ कंपासपेटी मिळते. सांस्कृतिक समितीला देशपातळीची फेरी उभी करण्यात काही स्वारस्य नाही, कारण त्यातून तिला एक पैसा सुटणार नाही. आरती वेळेवर व्हावी एवढीच तिची चिंता.

मॉलमधल्या आयोजकाला हे सांगितलं तर तो खर्च मोजून दाखवेल: जागेचं भाडं, दिवे, ध्वनियंत्रणा, सूत्रसंचालक, परीक्षकांचं मानधन. खर्च खरा आहे. पण त्यासाठीच तर फ्लेक्सवरचे प्रायोजक आहेत, आणि ते येतात गर्दीसाठी; गर्दी म्हणजे रॅम्पवरच्या मुलांचे आजी-आजोबा, काका-मावश्या आणि शेजारीपाजारी. याचा अर्थ त्या संध्याकाळचं उत्पन्न मुलांनी उभं केलेलं आहे. मग प्रवेश फी नको, आणि प्रायोजकांच्या रकमेतला पाचवा हिस्सा मुलांच्या नावे बँकेत जायला काय हरकत आहे? प्रायोजकाला मुलांची संख्या दाखवून पैसे घ्यायचे आणि त्याच मुलांकडून फीही घ्यायची, हा एकाच मालाचा दोन्हीकडून वसूल केलेला भाव आहे, आणि ‘कमर्शियल इव्हेंट’ हे शब्द आहेत तसे वाचले तर बांद्र्याच्या कचेरीला त्यात लक्ष घालायला नवा कायदा लागत नाही.